डॉक्टर थोडे, माणसे पुष्कळ

फाळणीत जमीन वाटली गेली, फौज वाटली गेली, कचेऱ्यांतल्या टेबलखुर्च्यासुद्धा वाटल्या गेल्या. मनोरुग्णालयातल्या माणसांची वाटणी मात्र तीन वर्षे राहून गेली होती. ती 1950च्या अखेरीस झाली. लाहोरच्या पंजाब मेंटल हॉस्पिटलमधले सुमारे साडेचारशे बिगरमुस्लिम रुग्ण वाघा ओलांडून भारतात आले आणि इकडचे मुसलमान रुग्ण तिकडे रवाना झाले. आलेल्यांपैकी बरेचसे अमृतसरला राहिले, बाकीच्यांना रांचीला पाठवले गेले. सआदत हसन मंटोची ‘टोबा टेकसिंग’ ही कथा याच अदलाबदलीवर उभी आहे. कथा लिहिणारा हा माणूस स्वतः दारू सोडवण्यासाठी लाहोरच्या त्याच रुग्णालयात राहून आला होता. उपचारांचा फार उपयोग झाला नाही. जानेवारी 1955मध्ये, वयाच्या 42व्या वर्षी, यकृत निकामी होऊन तो गेला.

मंटोला निदान एक खाट तरी मिळाली. 1946च्या भोर आरोग्य समितीच्या अहवालात त्या काळचा हिशोब आहे. अखंड हिंदुस्थानात मनोरुग्णालये 19 आणि खाटा दहा हजारांच्या आसपास, म्हणजे चाळीस हजार लोकांमागे एक खाट. इंग्लंडमध्ये तेव्हा तीनशे माणसांमागे एक खाट होती. मानसोपचार शिकलेले डॉक्टर तर देशभरातून शोधून काढावे लागत. इंग्लंडची बरोबरी करायची म्हटली असती, तर नव्या देशाला पिढ्यान्‌पिढ्या फक्त मनोरुग्णालयेच बांधत बसावे लागले असते.

ती बांधली गेली नाहीत. त्याऐवजी पुढच्या साठ-सत्तर वर्षांत एक वेगळीच गोष्ट घडत गेली. डॉक्टरांकडे असलेले काम आधी नातेवाइकांकडे आले, मग खेड्यातल्या आरोग्य कर्मचाऱ्याकडे, मग व्यसनातून बाहेर पडलेल्या माणसाकडे आणि शेवटी दहावी शिकलेल्या शेजारणीकडे. हे कुणी आधी ठरवून केले नव्हते. दर वेळी अडचणीपोटी वाट काढली गेली आणि मागाहून लक्षात आले की वाट बरी निघाली.

अमृतसरचे तंबू

अमृतसरच्या रुग्णालयाची सूत्रे डॉ. विद्यासागर यांच्याकडे होती. रुग्ण भरपूर, माणसे अपुरी, आणि त्याहून मोठी पंचाईत वेगळीच होती: एकदा आत सोडलेल्या माणसाला न्यायला घरचे परत येत नसत. ‘वेड्याच्या इस्पितळात’ जाऊन आलेला माणूस घरात नको असे. बरा झाला तरी नको असे. त्यामुळे दवाखान्याचा हळूहळू कोंडवाडा होई.

विद्यासागरांनी रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकले आणि रुग्णाबरोबर घरच्यांनाही तिथेच मुक्कामाला ठेवून घेतले. खाणेपिणे, आंघोळ, औषध देणे, रात्री उठून बघणे, हे सगळे घरची माणसे करू लागली. डॉक्टर त्यांना एकत्र बसवून बोलत. आजार म्हणजे काय, तो कुणाच्या पापाचे फळ का नाही, औषध का थांबवायचे नाही, माणूस चिडला तर काय करायचे, हे सगळे रोजच्या बोलण्यात येई. शेजारच्या तंबूतला रुग्ण आठ-पंधरा दिवसांत शुद्धीवर येऊन स्वतःच्या हाताने जेवू लागलेला दिसला की नव्याने आलेल्या बाईला धीर येई. तो धीर कुठल्याही डॉक्टरच्या सांगण्याने आला नसता.

घरी परतताना या कुटुंबाबरोबर दोन गोष्टी जात: ताळ्यावर आलेला माणूस आणि त्याला सांभाळायची रीत. गावात दुसऱ्या कुणाला तसाच त्रास झाला, तर ‘अमृतसरला घेऊन जा’ हे सांगायला एक जाणते घर तयार झालेले असे. पुढे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनेही मनोविकार विभागात कुटुंबासह राहण्याची सोय केली. पाश्चात्त्य देशांत तेव्हा रुग्णाला घरापासून दूर ठेवण्याकडे कल होता, त्यामुळे हा प्रकार बाहेरच्यांना नवलाचा वाटे. विद्यासागरांनी स्वतः यावर फारसे लिहिले नाही. त्यांचे नाव त्यांच्या विद्यार्थ्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या आठवणींतून पुढे आले.

बल्लारीचा धडा

पण ज्यांना अमृतसर गाठणेच शक्य नव्हते, त्यांचे काय? 1975च्या सुमारास याचे उत्तर दोन ठिकाणी शोधले जाऊ लागले. चंदीगडच्या पीजीआयमधले डॉ. एन. एन. विग आणि त्यांचे सहकारी हरियाणातल्या रायपूर राणी या ग्रामीण भागात गेले. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने शहराजवळच्या सकलवारा इथे केंद्र उघडले. प्रश्न साधा होता: हिवताप आणि कुटुंबनियोजन पाहणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्याला स्किझोफ्रेनिया, फिट्स आणि नैराश्य ओळखता येईल का? प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला थोडक्या प्रशिक्षणावर मोजकी औषधे देता येतील का?

येतील, असे दिसले. 1982मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. तो संबंध जिल्ह्यात राबवून पाहण्यासाठी निम्हान्सने 1985मध्ये कर्नाटकातला बल्लारी जिल्हा निवडला. आरोग्य केंद्रांतल्या डॉक्टरांना आणि कर्मचाऱ्यांना शिकवले, औषधे केंद्रांवर ठेवली, जिल्ह्याला एक मानसोपचार पथक दिले आणि दर महिन्याला हिशोब घेतला. वर्षानुवर्षे साखळीने बांधलेली, देवस्थानांच्या खेपा घालून दमलेली माणसे घराजवळच्या केंद्रात औषध घेऊ लागली. याच नमुन्यावर 1996पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात पसरला. सुरुवात चार जिल्ह्यांपासून झाली.

बल्लारीत जे जमले ते सगळीकडे जमले नाही. तिथे निम्हान्सची माणसे पाठीशी होती. इतर जिल्ह्यांत मानसोपचारतज्ज्ञाची जागा रिकामी, औषधांचा पुरवठा मध्येच बंद, मंजूर पैसा पडून, अशा तक्रारी आढाव्यांत पुन्हा पुन्हा येत राहिल्या. शिकवलेला डॉक्टर बदलून गेला की नव्याला कुणी शिकवत नसे. शिवाय या साऱ्या आखणीत व्यसन एका कोपऱ्यात होते. पिणारा माणूस स्वतःहून आरोग्य केंद्रात येत नाही आणि आला तरी पोटदुखीचे औषध घेऊन जातो. त्याच्यासाठी दुसरी वाट निघायची होती, आणि ती पुण्यात निघाली.

गर्द आणि येरवडा

1980च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबई-पुण्यात ब्राउन शुगर आली. अफगाणिस्तान-पाकिस्तानच्या पट्ट्यातून येणारे हे भेसळीचे, अर्धवट शुद्ध केलेले हेरॉइन. मराठीत त्याला ‘गर्द’ म्हणू लागले आणि ओढणाऱ्याला ‘गर्दुल्ला’. चिमूटभर तपकिरी पूड चांदीच्या पन्नीवर ठेवायची, खालून काडी धरायची, पूड वितळून पळू लागली की वर येणारा धूर नळीने ओढायचा. पहिले काही दिवस सुखाचे. मग न ओढल्यास नाक-डोळे गळणे, हातपाय पिळवटणे, उलट्या, जुलाब, झोप नाही. याला त्यांच्या बोलीत ‘टर्की’ म्हणतात. टर्की टाळण्यासाठी पुढची पुडी आणि पुडीसाठी घरातले घड्याळ, भांडी, आईची पाटली. दारूने घर बुडायला वर्षे लागत, गर्दने ते काही महिन्यांत होई, आणि घर बुडवणारा बहुतेकदा वीस-बावीस वर्षांचा मुलगा असे.

सरकारने 1985मध्ये अमली पदार्थांचा नवा, कडक कायदा केला. त्यात दहा वर्षांच्या तुरुंगवासाची सोय होती, पण टर्की लागलेल्या पोराला कुठे न्यायचे याचा पत्ता नव्हता. मनोरुग्णालयात न्यावे तर तो वेडा नाही, साध्या रुग्णालयात न्यावे तर ते ठेवून घेत नाहीत, पोलिसांत द्यावे तर गुन्हेगार म्हणून नोंद होते.

डॉ. अनिल अवचट तेव्हा हमालांवर, विडी कामगारांवर, देवदासींवर लिहिणारे पत्रकार म्हणून महाराष्ट्राला ठाऊक होते. त्यांच्या पत्नी डॉ. सुनंदा, म्हणजे अनिता अवचट, येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. ओळखीतल्या घरातच एक मुलगा गर्दच्या आहारी गेला आणि हा विषय अवचटांच्या दारात आला. त्यांनी नेहमीच्या पद्धतीने माणसे गाठली, अड्डे पाहिले, आईबापांना बोलते केले आणि लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले. या मुलांसाठी काही करणार असाल तर आम्ही पैसे देतो, असे त्यांनी कळवले आणि एक लाखाची देणगी दिली. 29 ऑगस्ट 1986 रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्याच आवारात ‘मुक्तांगण’ सुरू झाले.

लिहिणे अनिल अवचटांचे, पैसे देशपांडे दांपत्याचे, पण केंद्र चालवले सुनंदाबाईंनी. व्यसनमुक्तीचा तयार नमुना मराठी मुलखात त्यांच्यापुढे नव्हता. टर्कीचे पहिले दिवस औषधांनी निभावता येतात, हे डॉक्टर म्हणून त्यांना ठाऊक होते. खरा पेच त्यानंतरचा होता. शरीरातले विष उतरलेला मुलगा त्याच गल्लीत, त्याच मित्रांत परत जातो आणि आठवड्यात पुन्हा ओढायला लागतो. मग पाच आठवड्यांच्या मुक्कामाचा क्रम बसत गेला. पहाटे उठून व्यायाम, आपापल्या खोल्यांची झाडलोट, गटात बसून बोलणे, गाणी, खेळ, आणि घरच्यांना बोलावून त्यांच्याशीही बोलणे. मारहाण नाही, अपमान नाही. पुन्हा व्यसनाकडे घसरलेला परत आला तर ‘आलास का तोंड वर करून’ असे कुणी म्हणायचे नाही. व्यसन हा आजार मानला तर आजार उलटणे हा गुन्हा कसा ठरेल, हा त्यामागचा विचार.

पण या केंद्राने शिकवलेली सर्वांत मोठी गोष्ट कामाला कोण ठेवायचे याची होती. ‘मी सोडली आहे, दोन दिवसांपूर्वीच’ असे डोळ्यांत डोळे घालून सांगणारा व्यसनी माणूस शिकलेल्या डॉक्टरला सहज गुंडाळतो. जो स्वतः तेच खोटे वर्षानुवर्षे बोलला आहे, त्याला तो गुंडाळू शकत नाही. म्हणून बरे झालेले रुग्णच पुढे इथे समुपदेशक झाले, कार्यालय सांभाळू लागले, नव्या मुलांच्या टर्कीच्या रात्री उशाशी बसू लागले. पिणाऱ्याला पिणाराच समजतो, हे सूत्र 1935मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचे, म्हणजे एएचे. 1950च्या दशकाअखेर एएच्या सभा भारतातही भरू लागल्या होत्या. मुक्तांगणने ते सूत्र मराठी घरात आणले आणि त्याला कामाचे, पगाराचे रूप दिले. ज्याला नोकरीला ठेवायला कुणी तयार नसे, तो माणूस इथे त्याच पूर्वायुष्याच्या बळावर उपयोगी ठरला.

दुसरी गोष्ट बायकांची. नवरा पाच आठवडे येरवड्याला बरा होत असताना बायको घरी काय सोसून बसली आहे, हे विचारायला कुणी नव्हते. तिच्यासाठी ‘सहचरी’ गट सुरू झाला. तिथे पहिल्यांदा बोलणाऱ्या बाईला कळे की दारूच्या बाटलीत पाणी मिसळणे, नवऱ्याच्या साहेबाला तो आजारी असल्याचा निरोप देणे, पगाराच्या दिवशी फाटकाशी उभे राहणे, हे फक्त आपणच करत नव्हतो. 1997मध्ये सुनंदाबाई कर्करोगाने गेल्या. त्यानंतर मुलगी मुक्ता पुणतांबेकर यांनी काम हाती घेतले. पुढे व्यसनी स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभाग झाला. बाई पिते हे घरातही बोलायचे नाही अशी जिथे रीत, तिथे तो व्हायला 2009 साल उजाडावे लागले. उपचारांनंतरच्या फॉलोअपच्या बैठका वेगवेगळ्या शहरांत भरू लागल्या, कारण व्यसन सुटते येरवड्यात पण टिकवायचे असते आपापल्या गल्लीत.

गाव उठते तेव्हा

गल्लीचा हा विचार इतरत्रही चालू होता. चेन्नईत शांती रंगनाथन यांनी पतीच्या मद्यपानाने झालेल्या मृत्यूनंतर 1980मध्ये उपचार केंद्र काढले होते. 1989पासून त्यांच्या संस्थेने तमिळनाडूतल्या मंजक्कुडी या खेड्यात शिबिरे भरवायला सुरुवात केली. पिणाऱ्यांना शहरात आणण्याऐवजी उपचार करणारेच गावात गेले. गावाने जागा दिली, जेवणाचे पाहिले आणि शिबिरातून परतलेल्या माणसावर नजरही ठेवली. सगळ्या गावाला ठाऊक असते की अमुक सोडतोय, त्यामुळे चोरून पिणे अवघड आणि टिकून राहणे थोडे सोपे जाते.

गडचिरोलीत बायकांनी आणखी मुळाला हात घातला. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने 1980च्या दशकाअखेर गावोगावी दारूबद्दल विचारले, तेव्हा बायकांनी उपचार मागितले नाहीत, दुकान बंद करून मागितले. माणूस बरा होऊन येतो आणि वाटेत तीन भट्ट्या लागतात, तर औषध काय करील, असा त्यांचा रोकडा सवाल होता. दारूमुक्तीचे आंदोलन झाले आणि 1993मध्ये जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. बंदीने दारू संपली नाही, चोरून येत राहिली. तेव्हा 2016पासून ‘मुक्तिपथ’ या कार्यक्रमात गावसंघटना, बंदीची अंमलबजावणी आणि तालुक्यातले व्यसन उपचार क्लिनिक अशा गोष्टी एकत्र बांधल्या गेल्या. नुसती बंदी की नुसता उपचार, या जुन्या भांडणाचा निकाल गडचिरोलीने आपल्यापुरता असा लावला.

इथपर्यंत गोष्ट सुखाची वाटते, म्हणून तमिळनाडूतलेच दुसरे गाव आठवायला हवे. रामनाथपुरम जिल्ह्यातल्या एरवाडीच्या दर्ग्याभोवती मनोरुग्णांना ठेवणारी खाजगी निवासस्थाने होती. 6 ऑगस्ट 2001च्या पहाटे त्यांतल्या एका झोपडीवजा निवासाला आग लागली. रुग्ण साखळदंडांनी बांधलेले होते. 28 माणसे जागीच किंवा नंतर दगावली. त्यांना तिथे आणून सोडणारे त्यांचे नातेवाईकच होते. ‘समाज आपल्या माणसांना सांभाळतो’ हे वाक्य एरवाडीनंतर जपून वापरावे लागते. अमृतसरचे नातेवाईक आणि एरवाडीचे नातेवाईक एकाच देशातले होते. अमृतसरच्यांना डॉक्टर, औषध आणि चार समजुतीच्या गोष्टी मिळाल्या. एरवाडीच्यांना साखळी मिळाली, कारण त्यांच्या आवाक्यात तेवढीच होती.

गोव्यातली मोजणी

पणजीच्या जुन्या सचिवालयाशेजारी एक पुतळा आहे: झगा घातलेला पाद्री हात पसरून उभा आणि त्याच्या पुढ्यात भान हरपून मागे कललेली बाई. हा आबे फारिया, 1756मध्ये कांदोळीत जन्मलेला आणि पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग करून गाजलेला गोंयकार. संमोहनाची शक्ती संमोहकाच्या बोटांतून वाहते असे मानण्याच्या काळात त्याने सांगितले की ती समोरच्या माणसाच्या मनात असते. गोव्याच्या मनोरुग्णालयाला पूर्वी त्याचेच नाव होते. त्याच्या भूमीत दोनशे वर्षांनी जे प्रयोग झाले, त्यांच्या बुडाशी हाच विश्वास होता.

मुंबईत जन्मलेले डॉ. विक्रम पटेल झिम्बाब्वेत काम करून आले होते. अवघ्या देशात बोटांवर मोजण्याइतके मानसोपचारतज्ज्ञ असले की काय होते, हे त्यांनी हरारेत पाहिले होते. 1996मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर गोव्यात ‘संगत’ ही संस्था काढली. आतापर्यंतच्या कामांत आणि संगतच्या कामात एक फरक होता. अमृतसरने, येरवड्याने माणसे बरी केली, पण ‘हे न करता किती बरी झाली असती’ हे कुणी मोजले नव्हते. संगतने मोजायचे ठरवले.

‘मानस’ या पहिल्या मोठ्या प्रयोगात गोव्यातले 24 दवाखाने निवडले गेले, निम्मे सरकारी आणि निम्मे खाजगी डॉक्टरांचे. चिंता आणि नैराश्याच्या 2,796 रुग्णांची पाहणी झाली. अर्ध्या ठिकाणी एक साधा समुपदेशक नेमला. त्याला मानसशास्त्राची पदवी नव्हती, काही आठवड्यांचे प्रशिक्षण होते. 2010मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी समुपदेशक असलेल्या ठिकाणचे सुमारे 66 टक्के रुग्ण बरे झाले होते, नसलेल्या ठिकाणचे सुमारे 43 टक्के. खाजगी दवाखान्यांत मात्र फरक दिसला नाही. घरचाच असल्यासारखा खाजगी डॉक्टर दर खेपेला तोच भेटतो आणि बसवून विचारपूस करतो. सरकारी रांगेत ते होत नाही. त्या रांगेत विचारपूस करणारे एक माणूस बसवले की केवढा फरक पडतो, ते या आकड्यांत दिसते.

मग दारूची पाळी आली. गोव्यात दारू स्वस्त, जागोजागी बार, आणि फेणी तर घरचीच. 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या पुरुषांना पिण्याबद्दल दहा प्रश्न विचारले गेले. अधूनमधून घेणारे सोडले, हाताबाहेर गेलेलेही सोडले, त्यांना तज्ज्ञांकडे जायला सांगितले. मधले 377 जण घेतले. हे ते लोक, जे स्वतःला दारुडे समजत नाहीत आणि कुठल्याही केंद्रात भरती होणार नाहीत. निम्म्यांना समुपदेशक मिळाला. जास्तीत जास्त चार भेटी, प्रत्येकी अर्ध्यापाऊण तासाच्या.

त्या भेटींत उपदेश नव्हता. पहिल्या भेटीत माणसाचे पिणे त्याच्याच उत्तरांवरून त्याच्यापुढे मांडायचे: किती, कधी, कुणाबरोबर, आणि त्यातून घरात, खिशात, तब्येतीत काय झाले. बदलायचे की नाही, ते त्याने ठरवायचे. ठरवले तर मग कामाच्या गोष्टी. कामावरून सुटल्यावर बारवरून न जाणारा रस्ता कोणता? दोस्ताने पेला पुढे केला तर काय म्हणायचे, ते समुपदेशकासमोर म्हणूनच बघायचे. तल्लफ आली तर ती ओसरेपर्यंत काय करायचे? शेवटी, पुन्हा घसरलो तर पहिली खूण कोणती, तेही आधीच ओळखून ठेवायचे.

समुपदेशकांची पात्रता होती दहावी पास. पण त्यांना एकदा शिकवून सोडून दिले नाही, आणि बल्लारीनंतरच्या जिल्ह्यांत नेमके हेच राहून गेले होते. रुग्णाच्या परवानगीने भेटी ध्वनिमुद्रित होत. मग सगळे समुपदेशक एकत्र बसून एकमेकांच्या भेटी ऐकत आणि गुण देत. तू इथे त्याला बोलू दिले नाहीस, इथे घाई केलीस, हे सांगणारा कुणी साहेब नसे, बरोबरचाच असे.

तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी 42 टक्के पूर्ण कोरडे होते, न मिळालेल्यांपैकी 18 टक्के. नैराश्यावरच्या जोडीच्या प्रयोगातही तसेच दिसले: 64 टक्के विरुद्ध 39 टक्के. हे निष्कर्ष 2016च्या अखेरीस प्रसिद्ध झाले आणि जगभर त्यांची चर्चा झाली. पण दारूवरच्या निबंधात एक कडू ओळही आहे. जे पीत राहिले त्यांचे रोजचे प्रमाण कमी झाले नाही, आणि बायकोला होणाऱ्या मारहाणीत फरक आढळला नाही. नवऱ्याशी चार वेळा नीट बोलून घर सुधारत नाही. गडचिरोलीच्या बायका आणि येरवड्याच्या सहचरी हे प्रयोगाआधीच सांगत होत्या.

हेच सूत्र पुढे विदर्भात गेले. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत, शेतकरी आत्महत्यांच्या छायेत, ‘विश्राम’ कार्यक्रम दीड वर्ष चालला. गावातलीच माणसे शिकवून कामाला लावली. शेतीच्या कर्जाबद्दल बोलता बोलता झोप लागते का, जेवण जाते का, जीव नकोसा होतो का, हे विचारता येते, असे त्यांनी दाखवले. नैराश्य असलेल्यांपैकी कुठलीही मदत घेणारे आधी शंभरात चार होते, कार्यक्रमानंतर सत्तावीस झाले. आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचे प्रमाण 5.2 टक्क्यांवरून 2.5 टक्क्यांवर आले.

हिशोब कुणाच्या खाती

आता एवढे पुरावे हाताशी आल्यावर देशाचे चित्र बदलायला हवे होते. 2015-16च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत दिसले की दारूच्या विकाराने ग्रासलेल्या शंभरातल्या 86 जणांना उपचार मिळतच नाहीत. 2019मध्ये केंद्र सरकारच्या व्यसनविषयक पाहणीने सांगितले की दारूवाचून राहू न शकणाऱ्या 38 जणांतला एकच उपचारांपर्यंत पोहोचतो. 2017च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचार हा हक्क ठरवला, 2022पासून 14416 हा मोफत दूरध्वनीही सुरू झाला. हक्क आणि नंबर दोन्ही हवेतच, पण फोन करणाऱ्याला दुसऱ्या दिवशी जायला जागा लागते.

साठ-सत्तर वर्षांच्या या अनुभवाचा सोयीचा अर्थ काढणेही सोपे आहे. सामान्य माणसे हे काम करू शकतात ना, मग सरकारने कशाला करायचे? आशाताईंच्या वहीत आणखी एक रकाना वाढवला की झाले. बाळंतपण, लसीकरण, क्षयरोग, त्यात आता नैराश्य आणि दारू, आणि मोबदला तोच. पण या वाटेवर जिथे जिथे यश आले, तिथे साध्या माणसामागे कुणीतरी उभे होते. अमृतसरच्या तंबूमागे विद्यासागर होते. येरवड्यातल्या बऱ्या झालेल्या समुपदेशकामागे सुनंदाबाई आणि औषधांचे कपाट होते. गोव्यातल्या दहावी पास मुलामागे प्रशिक्षण, दर आठवड्याची उजळणी, पगार आणि अवघड रुग्ण पुढे पाठवायला तज्ज्ञ होता. एरवाडीच्या नातेवाइकांमागे कुणीच नव्हते.

डॉक्टर थोडे आहेत आणि बराच काळ थोडेच राहणार. माणसे पुष्कळ आहेत आणि त्यांना हे काम जमते, याबद्दल आता शंका घ्यायला जागा उरलेली नाही. म्हणून ‘सामान्य माणसाला हे झेपेल का’ हा प्रश्न सोडून द्यावा आणि जिल्हा परिषदेला, आरोग्य खात्याला साधे प्रश्न विचारावेत: तुमच्या तालुक्यात हे काम करणाऱ्याची नेमणूक झाली का, त्याला पगार वेळेवर मिळतो का, महिन्यातून एकदा त्याचे काम कुणी बसून ऐकते का, आणि केंद्रात औषध आहे का. चारही उत्तरे होकारार्थी येतील त्या तालुक्यात पिणाऱ्याच्या बायकोला देवस्थान आणि पोलीस चौकी यांखेरीज तिसरे दार सापडेल.